चव्हाट्यावरील पाप आणि एकांतातील क्षमा

अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी मार्च १८५० मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या अडीच हजार प्रती दहा दिवसांत खपल्या, आणि तेव्हापासून आजतागायत ही कादंबरी वाचली जात आहे. आपल्याकडे इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केलेल्या अनेकांना तिची ओळख आहे. तिच्याकडे बहुधा एका स्त्रीच्या सोशिकतेची कथा म्हणून पाहिले जाते. ते योग्यच आहे. तथापि पाप, अपराधभावना आणि लोकलज्जा यांचा परस्परांशी काय संबंध असतो, आणि पाप्याला मोकळे करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ख्रिस्ती समाजाने निरनिराळ्या काळी कसा सोडवला, हे समजून घेण्यासाठीही ही कादंबरी उपयोगी पडते. या लेखात आम्ही कादंबरीपेक्षा तिच्यामागील इतिहासाकडे अधिक पाहणार आहोत.

कथानक थोडक्यात असे. सतराव्या शतकाच्या चाळिशीतील बॉस्टन. हेस्टर प्रिन ही विवाहित तरुणी, पती दीर्घकाळ बेपत्ता असताना, एका मुलीला जन्म देते. मुलीच्या पित्याचे नाव सांगण्याचे ती नाकारते. न्यायाधीश तिला फाशी देत नाहीत. तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन तिने बाजारचौकातील शिक्षेच्या चौथऱ्यावर तीन तास उभे राहावे, आणि व्यभिचारदर्शक ‘ए’ हे अक्षर जन्मभर छातीवर मिरवावे, अशी शिक्षा ते फर्मावतात. मुलीचा पिता गावातच आहे. तो म्हणजे सर्वांना पूज्य असलेला तरुण धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल. हेस्टरचे पाप सर्वांसमोर आहे; डिम्सडेलचे पाप त्याच्या अंगरख्याआड आहे. सात वर्षांत हेस्टर हळूहळू उभी राहते आणि डिम्सडेल आतून खंगत जातो. शेवटी त्याच चौथऱ्यावर, भर गर्दीत, तो आपले पाप उघड करतो आणि तेथेच प्राण सोडतो.

कायद्याची नोंद

छातीवरचे अक्षर ही केवळ लेखकाची कल्पना नव्हे. प्लिमथ वसाहतीने १६५८ साली केलेल्या कायद्यानुसार व्यभिचारी व्यक्तीने ‘ए’ आणि ‘डी’ ही दोन मोठी अक्षरे कापडातून कापून, बाहेरच्या वस्त्रावर, दंडावर किंवा पाठीवर शिवून घ्यावयाची होती. मॅसॅच्युसेट्सने १६९४ साली असाच कायदा केला. त्यात गळ्यात दोर अडकवून फाशीच्या चौथऱ्यावर एक तास बसणे, चाबकाचे जास्तीत जास्त चाळीस फटके, आणि वस्त्राहून वेगळ्या रंगाचे दोन इंच उंचीचे ‘ए’ हे अक्षर कायम बाळगणे अशी तरतूद होती.

कादंबरीतील घटना ज्या काळात घडतात त्या काळी कायदा याहूनही कठोर होता. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४१ साली देहान्त शिक्षेस पात्र गुन्ह्यांची जी यादी केली, तीत व्यभिचाराचा समावेश होता. १६४४ साली मेरी लेथम ही जेमतेम अठरा वर्षांची विवाहित मुलगी आणि जेम्स ब्रिटन नावाचा पुरुष या दोघांना बॉस्टन येथे याच गुन्ह्याकरिता फासावर चढवण्यात आले. म्हणजे हेस्टरला मिळालेली शिक्षा त्या काळाच्या मानाने सौम्य होती. कादंबरीतील एक नागरिक तसे बोलूनही दाखवतो.

हे लोक क्रूर होते असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. प्युरिटन मंडळी धर्मश्रद्धेसाठी घरदार सोडून, समुद्र ओलांडून आली होती. १६३० साली त्यांचा नेता जॉन विन्थ्रप याने, आपली वसाहत डोंगरावर वसलेल्या नगरासारखी साऱ्या जगाच्या नजरेत राहील, अशी जाणीव त्यांना करून दिली होती. आपण सर्वांनी मिळून परमेश्वराशी एक करार केला आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे एकाचे पाप हे सर्वांवरचे संकट ठरे. शिवाय कॅल्व्हिनच्या शिकवणुकीप्रमाणे कोणाचे तारण व्हायचे हे परमेश्वराने आधीच ठरवलेले होते. आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही, याची चिंता प्रत्येकाला आयुष्यभर जाळत असे. मंडळीचा पूर्ण सभासद होण्यासाठी, कृपेचा अनुभव आपल्याला कसा आला, हे सर्वांसमोर सांगावे लागे. आणि ज्याच्यापाशी एकांतात पाप सांगून क्षमेचे शब्द ऐकावेत असा धर्मगुरू त्यांनी जाणूनबुजून नाहीसा केला होता. मग उरला तो समाज. पाप सांगायचे तर त्याच्यासमोर आणि क्षमा मागायची तर त्याच्याचकडे.

कॅप्टन अंडरहिलचे अश्रू

या व्यवस्थेचे एक बोलके उदाहरण विन्थ्रपने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. जॉन अंडरहिल हा वसाहतीचा नामांकित सेनानी. कपड्यालत्त्यांचा मोठा षोकी. व्यभिचाराच्या आरोपावरून त्याला बॉस्टनच्या मंडळीपुढे यावे लागले. त्याची पहिली कबुली मंडळीला प्रामाणिक वाटली नाही आणि त्याला बहिष्कृत करण्यात आले. १६४० साली तो पुन्हा आला. या वेळी अंगावर अगदी जुने कपडे होते आणि डोक्यावर डोळ्यांपर्यंत ओढलेली मळकी टोपी. बाकावर उभा राहून त्याने उसासे टाकीत, अश्रू ढाळीत आपल्या दुर्वर्तनाचा पाढा वाचला. मंडळीचे समाधान झाले आणि बहिष्कार उठवण्यात आला.

याच अंडरहिलच्या चरित्रातील आणखी एक पान येथे उघडले पाहिजे. २६ मे १६३७ रोजी, म्हणजे या कबुलीच्या तीनच वर्षे आधी, मिस्टिक नदीकाठच्या पीकॉट आदिवासींच्या वस्तीवर वसाहतीच्या सैन्याने पहाटे हल्ला केला. कॅप्टन मेसन आणि कॅप्टन अंडरहिल हे त्याचे म्होरके होते. वस्तीला आग लावण्यात आली आणि बाहेर पडणाऱ्यांना कापून काढण्यात आले. चारशे ते सातशे माणसे मेली. त्यांत बायका होत्या, मुले होती, म्हातारी माणसे होती. पुढच्या वर्षी अंडरहिलने या मोहिमेवर पुस्तक लिहिले आणि दाविदाच्या युद्धांचा दाखला देऊन या संहाराचे समर्थन केले. वसाहतीने विजयाबद्दल परमेश्वराचे आभार मानले होते.

त्या बाकावर उभा राहून अंडरहिल रडला तो एका परस्त्रीशी केलेल्या व्यभिचाराबद्दल. जळालेल्या मुलांबद्दल त्याला कोणी प्रश्न विचारला नाही. आम्हांला वाटते, लोकलज्जेचा सर्वांत मोठा दोष येथे दिसतो. समाज ज्याला पाप मानतो तेवढेच पाप चव्हाट्यावर येते. समाजाने स्वतः, एकदिलाने केलेले पाप चव्हाट्यावर आणायला कोणीच शिल्लक राहत नाही.

आपल्या घरातील इतिहास

हे वाचताना आपण कॅथोलिक आहोत म्हणून समाधान मानण्याचे कारण नाही. जाहीर प्रायश्चित्त ही मुळात आपल्याच ख्रिस्तसभेची प्राचीन परंपरा. पहिल्या काही शतकांत मूर्तिपूजा, खून आणि व्यभिचार यांसारख्या घोर पापांसाठी पश्चात्तापी माणसाला प्रायश्चित्तकर्त्यांच्या वर्गात दाखल व्हावे लागे. अनेकदा गोणपाट नेसून, उपवास करीत, ख्रिस्तप्रसादापासून दूर राहून तो काही वर्षे काढी. पुष्कळ ठिकाणी आज्ञा गुरुवारी बिशप त्याला पुन्हा मंडळीत सामावून घेत. ही संधी आयुष्यात एकदाच मिळे. साहजिकच पुष्कळ लोक ती मरणाच्या दारापर्यंत लांबणीवर टाकीत.

या परंपरेत तेजही होते. ३९० साली थेस्सलनीका येथे सम्राट थिओडोसियसच्या हुकमावरून हजारो नागरिकांची कत्तल झाली. मिलानचे बिशप संत अँब्रोस यांनी सम्राटाला कळवले, की प्रायश्चित्त केल्यावाचून आपण त्याच्यासमोर पवित्र बलिदान अर्पण करू शकत नाही. सम्राटाने राजचिन्हे उतरवून सर्वांसमक्ष पश्चात्ताप केला. पाप जाहीर होते आणि पापी सत्ताधीश होता; म्हणून प्रायश्चित्तही जाहीर झाले. बॉस्टनच्या मंडळीने अंडरहिलला जे विचारले नाही, ते संत अँब्रोस यांनी सम्राटाला विचारले.

परंतु गुप्त पापांचे काय? इटलीतील काही भागांत पश्चात्तापी माणसांच्या पापांची लेखी यादी लोकांसमोर वाचून दाखवण्याची प्रथा पडली होती. थोर संत लिओ यांनी ४५९ साली बिशपांना पत्र लिहून ती बंद करविली. कबुली परमेश्वरापाशी आणि धर्मगुरूपाशी झाली म्हणजे पुरे. लाजेच्या भीतीने लोक प्रायश्चित्ताच्या औषधालाच मुकतील, अशी त्यांची भूमिका होती. पुढे सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासी साधूंनी खाजगी आणि पुन्हा पुन्हा घेता येणाऱ्या पापनिवेदनाची रीत युरोपभर नेली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने दोन गोष्टी एकाच नियमात ठरवल्या : प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, आणि ऐकलेले पाप उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर मठात कोंडावे. गोव्याच्या कोकणीत ज्याला ‘कुमसार’ म्हणतात त्या संस्काराला त्याचे आजचे रूप या दीर्घ वाटचालीतून आले आहे. कमीत कमी लाज आणि जास्तीत जास्त सत्य, असे त्या रूपाचे वर्णन करता येईल.

तथापि ज्या ख्रिस्तसभेने पापनिवेदनाच्या गुप्ततेला एवढे जपले, तिच्याच छायेत छातीवर आणि पाठीवर खुणा मिरवायला लावणारी न्यायालयेही उभी राहिली, हे लपवून चालणार नाही. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले धर्मन्यायालय मधला चार वर्षांचा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले, आणि पूर्वेकडील साऱ्या पोर्तुगीज मुलखावर त्याचा अंमल होता. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला दमण येथे पकडून गोव्याला नेण्यात आले, आणि जानेवारी १६७६ मध्ये त्याला इतर कैद्यांसह जाहीर मिरवणुकीतून निकाल ऐकण्यासाठी नेले. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात ‘सांबेनितो’ या अंगरख्याचे वर्णन आहे. पिवळ्या कापडावर पुढे आणि मागे तांबड्या रंगाचा संत आंद्रेचा तिरपा क्रूस रंगवलेला असे. ज्यांना जाळावयाचे त्यांच्या अंगरख्यावर ज्वाळांची आणि सैतानाची चित्रे असत. दंडितांची आठवण राहावी म्हणून असे अंगरखे चर्चमध्ये टांगून ठेवीत. प्युरिटनांचे तांबडे अक्षर आणि गोव्यातील तांबडा क्रूस यांच्यामध्ये महासागर होता आणि दोन पंथांचे हाडवैर होते. पण दोहोंमागचा विचार वेगळा नव्हता. माणूस आणि त्याचा अपराध ही दोन नव्हेतच, असे ठरवून टाकले की अपराध कापडावर काढता येतो आणि माणूस त्याखाली झाकून टाकता येतो.

न्यायाधीश बाकावर उभा राहतो

आता पुन्हा न्यू इंग्लंडकडे वळू. १६९२ साली सेलम परिसरात चेटकाच्या आरोपांचे वेड पसरले. दीडशेहून अधिक माणसे तुरुंगात पडली. एकोणीस जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याला छातीवर दगड रचून मारण्यात आले. येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घेतली पाहिजे : ज्यांनी ‘आम्ही चेटूक केले’ अशी खोटी कबुली दिली ते बहुतेक वाचले, ज्यांनी खोटे बोलण्यास नकार दिला ते फासावर गेले. कबुली ही समाजाने वसूल करावयाची वस्तू झाली, की ती खरी आहे की खोटी याला महत्त्व उरत नाही.

त्या न्यायालयावरील नऊ न्यायाधीशांपैकी एक सॅम्युएल सीवॉल. १६९६ च्या नाताळच्या तोंडावर त्याची दोन वर्षांची मुलगी सारा वारली. त्याच सुमारास त्याच्या मुलाने घरच्या प्रार्थनेत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील काही ओव्या वाचल्या. यज्ञापेक्षा दया श्रेष्ठ हे कळले असते तर निर्दोष्यांना दोषी ठरवले गेले नसते, या आशयाच्या ओवीने आपल्याला सेलमची आठवण झाली, असे सीवॉलने रोजनिशीत लिहिले आहे. १४ जानेवारी १६९७ हा दिवस वसाहतीने उपवासाचा दिवस म्हणून पाळला. त्या दिवशी बॉस्टनमधील आपल्या प्रार्थनामंदिरात सीवॉलने धर्मोपदेशक विलर्ड यांच्या हाती एक चिठ्ठी दिली. ती वाचली जात असताना तो सर्वांसमक्ष उभा राहिला आणि वाचन संपल्यावर मान लववून खाली बसला. सेलमच्या न्यायदानाचा दोष आणि त्याची लाज आपण आपल्यावर घेतो, परमेश्वराची व माणसांची क्षमा मागतो, असा त्या चिठ्ठीचा आशय होता. पुढे १७०० साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिणारा सीवॉल तो हाच. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन याने मात्र आपली चूक कधी मान्य केली नाही.

१७०६ साली आणखी एक व्यक्ती अशीच उभी राहिली. ॲन पटनम ही १६९२ मध्ये बारा वर्षांची मुलगी होती, आणि तिच्या साक्षींनी अनेकांचे प्राण गेले होते. एकात्तर वर्षांची रिबेका नर्स ही त्यांतलीच एक. मंडळीत प्रवेश मिळावा म्हणून ॲनने कबुली लिहून दिली. धर्मोपदेशक ग्रीन यांनी ती वाचली तेव्हा ती मंडळीसमोर उभी होती, आणि ज्यांच्यासमोर उभी होती त्यांच्यात रिबेकाचे आप्त होते.

अंडरहिल, सीवॉल आणि ॲन पटनम या तिघांची कबुली जाहीरच होती. परंतु शेवटच्या दोघांनी समाजाविरुद्ध, समाजाच्या साक्षीने आणि समाजाच्या संमतीने घडलेल्या पापाची कबुली दिली. चव्हाट्यावर घडलेले पाप चव्हाट्यावरच फेडावे लागते. तेथे एकांत पुरत नाही. न्यायनिवाड्याने मेलेल्यांची अब्रू परत करायला तर फारच काळ लागला. त्या खटल्यांतील शेवटच्या दोषी स्त्रीला, एलिझाबेथ जॉन्सन हिला, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने निर्दोष ठरवले ते २०२२ साली.

वारसा

सेलमच्या आरोपींची कठोर उलटतपासणी करणाऱ्यांत जॉन हॅथॉर्न हा दंडाधिकारी होता. त्याचा पिता विल्यम हॅथॉर्न क्वेकर पंथीयांना चाबकाचे फटके देण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. आपले कादंबरीकार याच घराण्यातले. त्यांनी तरुणपणी आडनावात एक अक्षर घालून ते ‘हॉथॉर्न’ केले. ‘द स्कार्लेट लेटर’च्या प्रास्ताविक प्रकरणात ते या पूर्वजांचा उल्लेख करतात, आणि त्यांच्या वतीने ती लाज स्वतःवर घेतात. जॉन हॅथॉर्नने जे केले नाही ते दीडशे वर्षांनंतर त्याच्या वंशजाने लेखणीने केले. या अर्थाने संपूर्ण कादंबरी हेच एक उशिरा आलेले पापनिवेदन आहे.

हॉथॉर्न यांचे मित्र कवी जेम्स रसेल लोवेल यांनी एका पत्रात नोंदवलेली माहिती आपल्या वाचकांना विशेष वाटेल. डिम्सडेलने एका कॅथोलिक धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे, असा बेत मुळात हॉथॉर्न यांच्या मनात होता. तो प्रसंग कादंबरीत आला नाही. आला असता तर डिम्सडेल कदाचित जगला असता, पण मग कादंबरी उरली नसती. मात्र ती कल्पना लेखकाच्या मनातून गेली नाही. १८५८-५९ मध्ये इटलीत राहिल्यानंतर त्यांनी लिहिलेल्या ‘द मार्बल फॉन’ (१८६०) या कादंबरीत हिल्डा ही न्यू इंग्लंडची प्युरिटन वळणाची मुलगी, डोळ्यांदेखत घडलेल्या खुनाचे ओझे असह्य होऊन, रोमच्या सेंट पीटर महामंदिरातील पापनिवेदनाच्या कोठडीत गुडघे टेकते आणि मन मोकळे करते. ती कॅथोलिक होत नाही, हॉथॉर्नही झाले नाहीत. पण त्या कोठडीची गरज त्यांना कळली होती.

त्यांची धाकटी मुलगी रोझ मात्र १८९१ साली कॅथोलिक झाली. तिचा एकुलता एक मुलगा लहानपणीच वारला होता आणि संसारही पुढे मोडला. १८९६ साली तिने रुग्णसेवेचे शिक्षण घेतले आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत जाऊन कर्करोगाच्या मरणासन्न रुग्णांची सेवा सुरू केली. तेव्हा हा रोग संसर्गजन्य आणि लाजिरवाणा समजला जाई. निर्धन रुग्णांना घरचेही दूर लोटीत. रोझने त्यांच्या जखमा धुतल्या आणि त्यांच्याकडून पैसा घ्यायचा नाही हा नियम केला. १९०० साली ती डॉमिनिकन व्रतस्थ झाली, मदर अल्फोन्सा या नावाने ओळखली जाऊ लागली आणि तिने स्थापलेला धर्मभगिनींचा संघ आजही हेच काम करतो. ९ जुलै १९२६ रोजी तिचे निधन झाले. २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी तिला ‘व्हेनरेबल’ म्हणून घोषित केले. ज्या घराण्याच्या पूर्वजांनी लोकांना चव्हाट्यावर उभे केले, त्या घराण्यातील एका स्त्रीने, लोक ज्यांच्याकडे पाहण्यासही धजत नव्हते त्यांना, घरात घेतले.

आपल्यासाठी

१२ मार्च २००० रोजी सेंट पीटर महामंदिरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. त्या प्रार्थनेत गोव्याचे सांबेनितो आलेच, असे आम्ही मानतो. सम्राट थिओडोसियसपासून सीवॉलपर्यंतचा धडा तोच आहे : सत्तेचे पाप उघड्यावर फेडावे, आणि दुर्बळाचे पाप मायेने झाकावे.

आपल्या समाजात मात्र पुष्कळदा उलटे घडते. लग्नाआधी आई झालेली मुलगी, नवऱ्याने टाकलेली बाई, व्यसनी बापाची पोरे यांच्या छातीवर आपण न दिसणारे अक्षर शिवतो, आणि ते लग्नाच्या मांडवात, चर्चच्या पायऱ्यांवर, अगदी अंत्ययात्रेतही वाचले जाते. त्याच वेळी जमीन लाटणारा, मजुरी बुडवणारा, संस्थेचा पैसा खाणारा पुढच्या बाकावर बसतो. हेस्टरचे अक्षर दिसत होते आणि डिम्सडेलचे दिसत नव्हते; आपल्याकडेही याहून फारसे वेगळे नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला लोकांनी मध्ये उभे केले तेव्हा प्रभू येशूने खाली वाकून जमिनीवर बोटाने काहीतरी लिहिले. काय लिहिले हे संत योहानने सांगितलेले नाही. एवढे मात्र खरे, की त्याने जे लिहिले ते तिच्या अंगावर लिहिले नाही. धुळीत लिहिले, आणि धुळीतील अक्षरे वाऱ्याने पुसली जातात.